सांभाळायला चालतात, घेऊन जायला नाही

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर सासऱ्यांनी बडीशेप तोंडात टाकत विचारलं, "मे महिन्यात हिला आम्ही दापोलीला घेऊन जाऊ का? दहा-अकरा दिवस. तुम्ही नका येऊ."

शेवटची तीन अक्षरं-शब्द काय असतील ते, तेवढेच माझ्या कानात राहिले. तुम्ही नका येऊ. लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षीही बाबांनी विचारलं होतं आणि मी "अजून लहान आहे हो" असं म्हणून विषय संपवला होता. या वेळी ते कारण पुरत नव्हतं, म्हणून मी जे सगळ्या सुशिक्षित आया करतात ते केलं. "बघू" म्हटलं.

आता आमच्या घरचं वेळापत्रक सांगते. लेकीची शाळा साडेबाराला सुटते. तिला शाळेतून आणणं, जेवू घालणं, झोपवणं, उठल्यावर बागेत नेणं, पडली तर औषध लावणं हे सगळं सासू-सासरे करतात. मी सातला घरी पोचते, नवरा त्यानंतर. म्हणजे रोज साडेसहा तास, आठवड्याचे पाच दिवस. साडेबत्तीस तास. पुण्यात चांगल्या पाळणाघराला याचे किती पैसे पडतात ते ज्यांनी भरलेत त्यांना विचारा. आम्ही शून्य भरतो. वर दिवाळीला एक साडी, एक शर्ट.

अकरा दिवस म्हणजे २६४ तास. साडेबत्तीस गुणिले आठ म्हणजे २६०. जेवढा वेळ ही दोन माणसं दर आठ आठवड्यांत माझ्या मुलीला एकट्याने सांभाळतात, जवळजवळ तेवढाच वेळ ते एकदम मागत होते. आणि माझ्या पोटात गोळा आला होता. माझी मीटिंग असते तेव्हा त्यांची गुडघेदुखी मला दिसत नाही. त्यांना समुद्र दाखवायचा असतो तेव्हा दिसते.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायचं आहे, कारण माझ्या वयाच्या निदान डझनभर मैत्रिणींकडून मी गेल्या वर्षभरात हेच ऐकलंय. आजी-आजोबा सांभाळायला चालतात, घेऊन जायला चालत नाहीत. कामाला विश्वासू, आनंदाला बेभरवशाचे. परदेशातली आपली मंडळी तर याची शिखरं गाठून आहेत. बाळंतपणाला एका बाजूचे आई-वडील सहा महिने, मग दुसऱ्या बाजूचे सहा महिने, व्हिसाच्या मुदतीत बसवलेली ड्युटी. त्याच आजीने "उन्हाळ्यात नातवाला एकट्याला सांगलीला नेते" म्हटलं की मात्र डास, पाणी, जेट लॅग आणि उच्चार बिघडण्याची भीती.

मी शेवटी हो म्हटलं, पण यादी करून. तेवीस कलमांची. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती, मोबाइल दिवसातून किती मिनिटं, गोड किती, डोकं पुसायचं कसं. कलम चार: विहिरीजवळ जायचं नाही. कलम नऊ: स्कूटरवर पुढे उभं करायचं नाही. कलम चौदा: जुलाब झाले तर ओआरएस, पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. कलम बावीस: रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होते. त्यांनी चष्मा लावून ती यादी सरकारी परिपत्रकासारखी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "चाळीस-चाळीस पोरं रायगडावर नेऊन परत आणलीयेत मी. मोजून." आई काही बोलल्या नाहीत. फक्त कलम चौदावर, "ते मला नको सांगूस" एवढंच. मला तो तुसडेपणा वाटला. रात्री नवऱ्याने सांगितलं की त्याच्या आधी एक मुलगी झाली होती. १९७९ साली, दीड वर्षाची असताना, जुलाबांनी गेली. लग्नाला सात वर्षं झाली होती आमच्या आणि मला हे माहीत नव्हतं. कलम चौदा मी डिलीट करणार होते, पण तोवर सगळ्यांनी वाचलेलं होतं.

भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. रात्री एक वाजता मी कोकणातले विंचू शोधत बसले होते. लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी खरोखर जिवावरचा असतो. हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. हे वाचून धीर यायला हवा होता. मला मात्र फक्त विंचू दिसले.

आणि "आम्ही नाही का वाढलो तसेच?" या युक्तिवादाचा मला तिटकारा आहे. जी वाढली नाहीत ती वाद घालायला येत नाहीत. आईंनी तो युक्तिवाद एकदाही केला नाही, याचं कारण आता मला कळतं.

पण मग भीतीचा हिशेब तरी प्रामाणिक हवा ना? त्याच्या आदल्या डिसेंबरात आम्ही तिघं आमच्या गाडीने गोव्याला गेलो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली; चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. आमच्या गाडीत चाइल्ड सीट नाही. लेक माझ्या मांडीवर, नवरा ताशी शंभरने, आणि मी रील बघत. त्या दिवशी कोणी तेवीस कलमं लिहिली नव्हती. आई-बाप बरोबर असले की धोका धोका नसतो, अशी आपली समजूत आहे. लेकरू आपल्या हाताने पडलं तर तो अपघात. आजोबांच्या हातून पडलं तर निष्काळजीपणा.

शिवाय आपली ही चिंता कोणाची चैन आहे तेही बघा. बीड-अहिल्यानगरच्या बाजूने दर वर्षी दिवाळीच्या आसपास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. ज्यांची मुलं फडावर जात नाहीत ती गावात आजीजवळ राहतात. सरकारने त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजनाही काढली आहे. त्या आजीला कोणी यादी पाठवत नाही, आणि त्या आईला "तू कशी ठेवू शकलीस गं?" असं विचारायची आपल्याला लाजही वाटत नाही. एकीकडे ते नाइलाजाचं सहा महिन्यांचं वियोग-पर्व, दुसरीकडे माझे अकरा दिवस.

तर ते तिघं निघाले. स्वारगेटहून दापोलीची एसटी, ताम्हिणी घाटातून माणगाव-महाड करत. बाबा शहात्तर वर्षांचे, पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट. आई सत्तरच्या, त्यांना अर्धं. लेक पाचाच्या आतली, तीही फुकट. तीन माणसांचा सबंध प्रवास एका अर्ध्या तिकिटात झाला याचा बाबांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. मी लेकीच्या बॅगेच्या अस्तरात एअरटॅग शिवला होता. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात ठेवा, कारण लपवाछपवीची सुरुवात माझ्याकडून झाली होती.

पहिले तीन दिवस सात वाजता कॉल. अंगणात आठळ्या भाजताहेत, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघून आली आणि आता घरातल्या चपलांचा लिलाव करते आहे. चौथ्या दिवशी "रेंज नाही". पाचव्या दिवशी कॉल लागला, पण लेक सारखी बाजूने दिसत होती. आई फोन धरून होत्या आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड वळलं की कॅमेरा छपराकडे जायचा. मग लेकीनेच आनंदाने सांगून टाकलं, "आई, मला तीन टाके पडले!"

मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवरून पाय निसटला होता. हनुवटी फुटली. बाबा तिला शेजाऱ्याच्या रिक्षातून दापोलीत डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे "आई-वडील कुठे?" असं विचारलं गेलं, बाबांनी "मी आजोबा" म्हणून सही केली आणि टाके पडले. (आमच्या एका वकील मैत्रिणीला मी नंतर भांडायच्याच तयारीने विचारलं, आजोबांची सही चालते का? ती म्हणाली, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या गोष्टीला पालकाची किंवा मूल ज्याच्या वैध ताब्यात आहे त्याची संमती असेल, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २७, जुन्या दंड संहितेत ८९ होतं. कायद्यालाही आजोबा माहीत आहेत.)

त्या संध्याकाळी मी बाबांशी फोनवर ज्या आवाजात बोलले त्या आवाजात मी ऑफिसातल्या ज्युनिअरशीही बोलत नाही. टाक्यांबद्दल नव्हे, लपवल्याबद्दल. मी रात्रीच गाडी काढणार होते. बाबा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू तिला घेऊन गेली असतीस."

मला उत्तर देता आलं नाही, कारण गाडीची किल्ली माझ्या हातात होती.

आता इथे वाचणारे काही जण म्हणतील, बघा, म्हणूनच पाठवू नये. आणि काही म्हणतील, बिचारे आजोबा. मी दोन्ही बाजूंशी भांडणार आहे. बाबा चुकले. मुलाला टाके पडले आणि आई-वडिलांना चोवीस तास कळवलं नाही, याला कुठल्याही वयाची सवलत नाही. त्यांना मी तसं तोंडावर सांगितलंय. पण ते खोटं कुठून आलं हेही बघायला नको का? एकतीस वर्षं इतरांच्या पोरांची जबाबदारी घेतलेला माणूस, स्वतःच्या नातीच्या हनुवटीबद्दल खोटं बोलायला लागतो, कारण त्याला माहीत आहे की एक चूक आणि नोकरी गेली. आम्ही त्यांना नोकर केलं होतं. बिनपगारी, प्रोबेशनवरचे. तेवीस कलमं लिहून दिलेला कुठलाही माणूस चौथ्या दिवशी काहीतरी लपवणारच; त्याला दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो.

माझ्या घरात आता एकच कलम आहे. काहीही झालं, तर तासाभरात कळवायचं. आणि त्याची दुसरी बाजू माझ्याकडे: कळवलं म्हणून मी धावत येणार नाही, जोवर ते "ये" म्हणत नाहीत. पहिलं कलम मागायला सोपं आहे. दुसरं पाळणं किती जड जातं ते मला विचारा. उरलेले सहा दिवस मी पुण्यात बसून पाळलं. किल्ली नवऱ्याच्या कपाटात ठेवून.

एक गोष्ट मला कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. हीच परवानगी माझ्या आईने मागितली असती तर तेवीस कलमं झाली नसती. पाच झाली असती. माझ्या आईचा बीपी, तिचं विसरणं, तिचं मुलांना सारखं खाऊ घालणं मला चालतं, कारण ते माझ्या ओळखीचं आहे. "सुरक्षितता" या शब्दामागे माझ्या घरात सासर-माहेरचं जुनंच राजकारण बसलेलं होतं. सगळ्यांकडे असेलच असं नाही. पण यादी लिहायला घेताना एकदा तपासा, कोणत्या आजीसाठी कलमं जास्त होतात.

आणि काही घरी पाठवूच नये, हेही स्पष्ट म्हणते. जिथे आजोबा संध्याकाळी पितात, जिथे हात उगारला जातो, जिथे घरात कोणी असं आहे की ज्याच्या मांडीवर बसायला मूल नको म्हणतं, तिथे "नाती टिकवायची" म्हणून मुलाला पाठवणारे आई-बाप गुन्हा करतात. मुलांचं लैंगिक शोषण करणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीतलीच असतात. माझा वाद त्या घरांबद्दल नाही. पण मग अशा घरात मूल रोज दुपारी ठेवणंही बंद करायला हवं. दुपारी चालतात आणि मे महिन्यात चालत नाहीत, या दुटप्पीपणाबद्दल मी बोलते आहे.

मधल्या घरांचं काय? जिथे मारहाण नाही, दारू नाही, पण विचार जुने आहेत? माझी लेक परत आली ती "मुली अशा फेंगड्या बसत नाहीत" हे शिकून. हे आईंचंच. मी चिडले, आईंशी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि बहुधा मनावर घेतलं नाही. पुढे लेकीनेच एकदा त्यांना विचारलं, "आजोबा तसेच बसतात, त्यांना का नाही सांगत?" आई हसल्या. बाबांनी मात्र पाय जवळ घेतले. मला वाटतं, मुलांना एकाच घराचे एकाच मापाचे विचार पाजले तर त्यांना हा प्रश्न पडणारच नाही. माझे विचार बरोबर असले तरी.

विहिरीचं राहिलं. कलम चार. बाबा तिला पालगडला घेऊन गेले होते, साने गुरुजींचं जन्मगाव, दापोली तालुक्यातच आहे. येताना त्यांनी तिला 'श्यामची आई'मधली पोहण्याची गोष्ट सांगितली: श्याम विहिरीत उडी मारायला घाबरून माळ्यावर लपतो आणि आई त्याला काठीने झोडत बाहेर काढते. सगळ्या महाराष्ट्राने जिच्या नावाने डोळे पुसले ती ही आई. आज कोणी तिचा व्हिडिओ काढला तर रात्रीपर्यंत चाइल्डलाइनचा फोन येईल, आणि काठीबद्दल माझंही मत चाइल्डलाइनच्याच बाजूचं आहे. पण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी माझ्या यादीत कुठेच नव्हती: विहीर असलेल्या गावात पोराला विहिरीपासून दूर ठेवणं हा उपाय पुरत नाही, पोहायला यावं लागतं. बाबांनी लेकीला विहिरीच्या कठड्याला धरून आत बघायला शिकवलं. पोटावर झोपून, पाय आजोबांच्या हातात. हे मला लेकीने ऑगस्टमध्ये सांगितलं. तीन महिने तिने ते जपून ठेवलं होतं.

मग ती पोहायच्या क्लासला जाते आहे. तिनेच मागितला.

ज्या गोष्टीने मी खरी घाबरले होते ती विहीर नव्हती, विंचूही नव्हता. अकराव्या दिवशी स्वारगेटला ते उतरले. मी एक तास आधी जाऊन उभी होते. लेक उतरली, काळवंडलेली, हनुवटीवर पट्टी, हातात करवंदांचा द्रोण. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, वायच थांब, आजीची पिशवी राहिली आत." आणि परत गाडीत चढली. "वायच" हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. तिला माझी आठवण आली होती का, असं मी रात्री विचारलं. तिने खरंच विचार केला. म्हणाली, "झोपताना एकदा."

अकरा दिवसांत एकदा! मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि तिथे, नळ सोडून, मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की दोन वर्षं मी "ती लहान आहे" असं जे म्हणत होते, ते कोणाला वाचवायला म्हणत होते. आपल्यावाचून आपलं मूल अकरा दिवस मजेत राहू शकतं ही बातमी आपल्याला सोसत नाही. ती न यावी म्हणून आपण गुडघे, विंचू, उच्चार आणि साखर पुढे करतो. आजी-आजोबांचं वय आपण कारण म्हणून सांगतो, पण तेच वय घाई करायला सांगत असतं. बाबांचा डावा डोळा आता काचबिंदूने अधू झालाय. रायगडावर पोरं मोजणारा डोळा. अजून किती मे महिने ते तिला एकटे नेऊ शकतील याचा हिशेब मी केलाय. दोन, फार तर तीन.

मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, "तुझे सासू-सासरे चांगले आहेत म्हणून." असतील. पण तुमचेही, निदान सोमवार ते शुक्रवार साडेबारा ते सात, चांगलेच असतात की.

या रविवारी बाबांनी पुन्हा बडीशेप घेतली आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून एसटीचं वेळापत्रक बघत बसले. एअरटॅगचं मी त्यांना दिवाळीत सांगितलं होतं. त्यांनी तो मागून घेतला आणि आता स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवतात, कारण डबी सारखी हरवते. लेकीला पाच पूर्ण झाली आहेत, त्यामुळे या वेळी दोन अर्धी तिकिटं पडणार. बाबांना हे जरा लागलंय.